चौदावं दार

"ए भाऊ, हात नोको लावू त्या कपाटाले!"

मी दचकले. नवं किचन करून देणारा किचनवाला माझ्याहून जास्त दचकला. ओट्याखाली उकिडवा बसून तो मला समजावत होता, की हे सगळंच काढून फेकावं लागेल, मागच्या टाइल्ससकट. आपलं म्हणणं पटावं म्हणून त्यानं एक दार जरा ओढून दाखवलं, तर ते बिजागरीसकट निखळून त्याच्या हातातच आलं. ते तसंच हातात धरून तो वळून पाहायला लागला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझे सासरे उभे होते.

मला नवल वाटलं ते त्यांच्या ओरडण्याचं नाही. ते बोलले, याचं नवल वाटलं. माझ्या सासूबाई जाऊन चार वर्षं होत आली होती. तेव्हापासून बाबा दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. चहा दिला की "हं", जेवायला बोलावलं की "आलो". स्वयंपाकघरात तर त्यांनी पाऊलच टाकलं नव्हतं. ताट मी बाहेर नेऊन द्यायची आणि पाणी ते गॅलरीतल्या माठातलं प्यायचे.

"काका, आतून सगळं सडलंय," किचनवाला म्हणाला.

"दार सडलं. कपाट कुठी सडलं?" बाबा उंबरा ओलांडून आत आले. उजवा हात थरथरत होता, तो नेहमीच थरथरायचा. डाव्या हाताची मूठ वळून त्यांनी कपाटाच्या आतल्या फळीवर दोनदा ठोकलं. "आवाज आयक. चांगल्या प्लायवूडचं हाय. वीस वर्षं झाली तरी टणटण वाजून रायलं. हे तोडतो म्हन्तो तू?"

"पण काका, दारं बघा ना. भुशाच्या बोर्डाची आहेत. पाणी पिऊन पुरणपोळीसारखी फुगलीत."

"तं दारं बदल. चेसिस शाबूत हाय ना? मंग बॉडी बदलायची. गाडी भंगारात कायले घालता?"

किचनवाल्याला यातलं काही कळलं नाही. मला कळलं. लहानूजी येळणे, म्हणजे माझे सासरे, एस.टी.च्या वर्कशॉपात पत्रा मिस्त्री होते. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. जुनी गाडी यायची, तिचा कुजलेला पत्रा उतरवायचा, खालचा सांगाडा तपासायचा आणि तो धड असला की त्यावर नवी बॉडी चढवायची.

किचनवाला महिनाभराचा वेळ सांगून, कॅटलॉग ओट्यावर ठेवून गेला.

महिना! माझ्याकडे चार दिवस होते.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपुरात मानेवाड्याकडे आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मी तेव्हा आजूबाजूच्या नऊ मुलींना जेवणाचे डबे द्यायची. कोणाकडून तरी कळलं, की एका खासगी ट्रेनिंग सेंटरला साठ माणसांचं रोजचं जेवण हवंय. मी धावत जाऊन अर्ज दिला. तिथल्या बारापात्रे मॅडमनी माझ्या हातची भरली वांगी चाखली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "चव छान आहे. पण तुमचं स्वयंपाकघर मी स्वतः येऊन बघणार. सोमवारी, अकरा वाजता."

हे झालं बुधवारी. घरी येऊन मी माझं स्वयंपाकघर मॅडमच्या नजरेनं पाहिलं. काळवंडलेली दारं, त्यांचे सोललेले कोपरे. एक दार दोरीनं बांधलेलं होतं. एकात झुरळांचं राज्य होतं. माझे यजमान हेमंत कंपनीच्या कामाला रायपूरला गेले होते, ते रविवारी संध्याकाळी येणार होते. फोनवर म्हणाले, "प्रणिता, सरळ नवं किचन करू. पण चार दिवसांत ते कसं होणार? मॅडमना पुढची तारीख माग." पुढची तारीख मागितली, की ते काम दुसऱ्याला मिळणार हे मला कळत होतं. म्हणून गुरुवारी सकाळी या किचनवाल्याला बोलावलं होतं.

तो गेल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, नुसती दारं बदलायला किती दिवस लागतात?"

"किती हायेत?"

"चौदा. आठ खाली, सहा वर."

त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. "सोमवारी सकाळी गाडी फलाटावर."

"पण करणार कोण? दिवाळी तोंडावर आलीये, सुतार कुठे मिळतोय आता?"

बाबांनी स्वतःचा थरथरणारा हात पुढे धरला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "डोस्कं माहं. हात तुहे."

मी हसले. आयुष्यात मी कॅलेंडरचा खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. पण खरं सांगते, त्या क्षणी मजा वाटली. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसताना वाटायची ना, अगदी तशी.

पुढच्या दहा मिनिटांत पदर खोचून मी जमिनीवर आडवी झाले होते. बाबा मोजपट्टीचं टोक धरायला सांगत होते.

"आतलं माप नोको घेऊ. कपाटाच्या कडेवर दार बसलं पायजे. या कडेच्या मधापासून त्या कडेच्या मधापावेतो. हं. त्यातून दोन मिलिमीटर कमी कर."

"दोन मिलिमीटर कशाला?"

"शेजारी शेजारी दोन दारं हायेत. जावांसारख्या भांडतीन ना एकमेकींसंगं. जरासं अंतर असलं का सुखानं नांदतात."

चौदा दारं, चौदा मापं. मी आकडा सांगायची, ते म्हणायचे, "पुन्हा." पुन्हा मोजलं की तिसऱ्यांदा. "एकडाव कापलेला पत्रा वाढत नसते," ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला चार मापं चुकीची निघाली. मग मात्र मी कुरकुरणं बंद केलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही सक्करदऱ्याच्या प्लायवूडच्या दुकानासमोर उभे होतो. मी स्कूटीवर आले होते, बाबा रिक्षानं, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानदारानं सांगितलं, की एका बाजूनं रंगीत आणि मागून पांढरा असा तयार बोर्ड मिळतो, मशीनवर मापानं कापून कडेला पट्टीही लावून देतो. मला हुश्श झालं. मग रंगावरून आमचं जुंपलं.

"लाल घे," बाबा म्हणाले.

"स्वयंपाकघराला लाल? एस.टी. स्टँड वाटेल, बाबा."

"मंग? स्टँडवर लोकं येतच नाही का?"

दुकानदार हसून हसून बेजार. शेवटी मला कोपऱ्यात उभ्या केलेल्या तीन शीटा दिसल्या, पिकल्या लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्याधमक. दुकानदार म्हणाला, "घ्यायच्या तर घ्या, पण हा माल बंद झालाय. एवढ्याच आहेत, पुन्हा मागायला येऊ नका." चौदा दारं त्यात जेमतेम बसत होती. बाबांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीनं तुकडे कसे लावायचे त्याचा नकाशा काढला. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण हिशेब असा चोख की कापणारा माणूस म्हणाला, "काका, कुठे होते तुम्ही कामाला?" बाबांनी वर्कशॉपचं नाव सांगितलं. ते सांगताना त्यांची पाठ ताठ झालेली मी पाहिली.

दुपारी आम्ही जुनी दारं उतरवली. एकेक स्क्रू गंजून बसलेला. दाराला जोर लावला की दारच तुकड्यातुकड्यानं हातात यायचं. पण ती सगळी निघाली आणि मागची कपाटं उघडी पडली, तेव्हा मी पाहतच राहिले. आतून ती घट्ट होती, सरळ होती. इतकी वर्षं मी त्यांना नावं ठेवत होते, आणि सगळा दोष होता दर्शनी भागाचा. साबणाच्या पाण्यानं सगळं घासून काढलं. झुरळांचा बंदोबस्त केला. कपाटांच्या पुढच्या कडा पॉलिश पेपरनं घासून त्यांवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी लावताना मधे हवा राहिली, की बाबा जुन्या रुमालाची घडी करून माझ्या हातात द्यायचे. "मधातून बाहेर दाब. लेकराले थोपटते तसं."

शनिवारी ड्रिल मशीन आलं. हार्डवेअरच्या दुकानातून भाड्यानं आणलेलं. ते हातात घेऊन मी बटण दाबलं आणि किंचाळून सोडून दिलं. बाबा हसले. त्यांना हसताना मी किती वर्षांनी पाहत होते!

"जनावर नाही ते. धर घट्ट. दोन पाय रोवून उभी राय. हं, आता."

नवी बिजागरी दाराच्या पाठीत खड्डा करून बसवावी लागते. बाटलीच्या झाकणाएवढा गोल खड्डा, बारा मिलिमीटर खोल. त्याहून खोल गेला तर समोरच्या बाजूला फुगवटा येणार. पहिला खड्डा करायला मला अर्धा तास लागला. घाम गळ्यापर्यंत आला. पांढरा भुसा उडून केसांत, भुवयांत बसला. खड्ड्यात बिजागरी घातली आणि ती टक्कन बसली. एखाद्या भांड्यावर त्याचंच झाकण बसावं ना, अगदी तशी.

"बसली!" मी ओरडले.

"बसली!" बाबाही ओरडले.

शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

पहिलं दार लावलं. बोटानं ढकललं, तर ते मऊ आवाज करत आपोआप मिटलं. मी ते अकरा वेळा उघडलं आणि मिटलं. बाबांनीही चार वेळा. दुपारपर्यंत वरची सहा लागली. जेवायचं आम्ही विसरलो. चार वाजता आठवलं तेव्हा मी पोह्यांवर चिवडा टाकून दिला आणि बाबा तिथेच, स्वयंपाकघरात, पिंपावर बसून खायला लागले. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असतं तर ते उठून गेले असते, अशी मला भीती वाटली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "उद्या खालची आठ."

मिस्त्री! मला शाळेत कोणी पहिला नंबरसुद्धा असा दिला नव्हता.

रविवारी सकाळी मी हवेतच होते. एक दार वीस मिनिटांत व्हायला लागलं होतं. सातवं, आठवं, बारावं. बाबा म्हणाले, "जरा दम घे, मी गोळी घेऊन येतो," आणि बाहेर गेले. मी कशाचा दम घेते! तेरावं लावून टाकलं, भुशानं माखलेलं चौदावं टेबलावर आडवं केलं, खुणा केल्या, मशीन लावलं. एक खड्डा. दुसरा खड्डा. फुंकर मारून भुसा उडवला.

खाली पिवळा रंग होता.

मी दार उलटं ठेवलं होतं. दर्शनी बाजूला, चकचकीत पिवळ्यावर, दोन भलेमोठे गोल खड्डे. डोळे काढलेल्या चेहऱ्यासारखं ते दार माझ्याकडे पाहत होतं.

मशीन हातातच राहिलं. रविवार, दुकान बंद. उघडं असतं तरी माल संपलेला. सोमवारी अकराला मॅडम येणार आणि ओट्याखाली, अगदी मधोमध, एक कपाट बिनदाराचं. मला रडूच फुटलं. बाबा आत आले, तेव्हा मी भुशात बसून मुसमुसत होते.

"कापलं का बोट?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि दार दाखवलं.

त्यांनी ते उचललं, फिरवून पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. सांगितलं होतं ना दम घे म्हणून. पण त्यांनी एवढंच विचारलं, "त्या कपाटात तू काय ठेवते?"

"कांदे-बटाटे."

"सडत असतीन."

"नेहमीच सडतात. हवा लागत नाही ना."

"मंग झालं तं!" त्यांचे डोळे असे चमकले, की मी रडायचीच थांबले. "ऊठ. गच्चीवर चाल. कूलरवर झाकाले पत्रा टाकला हाय. अल्युमिनियमचा हाय, मीच आनला होता."

पुढचे तीन तास मी कधीच विसरणार नाही. पत्रा चिंचेनं घासला, तशी त्याला चांदीची झळाळी आली. मी दारात मशीनच्या त्याच बिटानं आरपार गोल भोकं पाडली, चारचारच्या तीन ओळी, हवेसाठी. मग बाबांनी सांगितलं तशी पत्र्यावर पेन्सिलीनं चौकट आखली आणि बारीक भोकांची जाळी पाडली, झुरळ शिरणार नाही एवढ्या बारीक भोकांची. दोनशे सोळा भोकं. दाराच्या पाठीमागे, पांढऱ्या बाजूला, दुसऱ्या कडेशी बिजागरीचे नवे खड्डे केले. या वेळी दार नीट ठेवलंय का, ते चारदा पाहून.

आता पत्रा दारावर चढवायचा होता. त्याच्या कडा दुमडून दाराच्या कडांवर बसवायच्या, म्हणजे ते दोन वाईट खड्डे कायमचे झाकले जातील. मी हातोडी घेतली. पहिल्याच घावाला पत्र्याला खळगी पडली.

"थांब," बाबा म्हणाले. "हे तुह्यानं नाही होत."

ते गॅलरीत गेले. त्यांच्या खुर्चीमागे एक पत्र्याची पेटी होती. तिला मी कधी हात लावला नव्हता. तिच्यातून त्यांनी लाकडी हातोडा काढला, मुठीशी हाताच्या घामानं काळा झालेला. माझ्याकडे न पाहता त्यांनी तो उजव्या हातात धरला.

हात थरथरला. हातोडा वर गेला तोही थरथरतच. पण खाली येताना तो सरळ आला. ठक्. पुन्हा वर जाताना थरथर, खाली येताना नाही. ठक्, ठक्, ठक्. पत्रा मुकाट्यानं वाकत गेला. कोपऱ्याशी आला तसा त्याला अशी घडी पडली, जशी मी करंजीला मुरड घालते. मी श्वास रोखून पाहत होते. मग गोल डोक्याचे स्क्रू. पेचकस खाचेत दाबून धरला, की हात आपोआप स्थिर व्हायचा. अठ्ठावीस स्क्रू त्यांनी स्वतः पिळले. झाल्यावर परत पहिल्यापासून एकेक थोडा थोडा फिरवायला लागले.

"बाबा, घट्ट बसलेत की सगळे."

"खाचा पाय. सगळ्या उभ्या पायजेत. पाऊस आला तं पानी थांबत नाही."

"स्वयंपाकघरात कुठला पाऊस?"

"सवय हाय," ते म्हणाले आणि लाजले. खरंच लाजले.

साडेचारला चौदावं दार लागलं. तेरा पिवळी आणि मधोमध एक चांदीचं. मी मागे मागे सरकत भिंतीला टेकले. काय दिसत होतं ते! असं वाटत होतं, की आधीपासून असंच ठरवलं होतं आणि चूक कोणाची झालीच नव्हती.

साडेपाचला हेमंत आले. बॅग हातात, बूट पायात, तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी उत्साहानं सांगत सुटले, हे बाबांनी, हे मी, हे बघा आपोआप मिटतं, हे चांदीचं तर... बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले.

"चार दिवसांत झालं?" ते म्हणाले. मला नाही, बाबांना.

"व्हय."

"चार दिवसांचं काम होतं हे?" हेमंतचा आवाज चिरकला. "बाबा, आईनं किती वेळा म्हटलं होतं तुम्हाला! ते दार दोरीनं तिनंच बांधलं होतं. शेवटपर्यंत ती दोरी सोडत-बांधत राहिली. दुनियेच्या गाड्या दुरुस्त केल्या तुम्ही, तिची चार दारं झाली नाहीत."

दोरी मी रोज पाहत होते, पण तिच्यामागचं हे मला कधी कळलंच नव्हतं. मला वाटलं होतं, बाबा सासूबाईंच्या आठवणीनं स्वयंपाकघरात येत नाहीत.

बाबा पिंपावर बसले. हातातला पेचकस त्यांनी बाजूला ठेवला.

"अकरा वर्षं म्हनत होती," ते म्हणाले. "म्या दोनदा मापंई घेतली. मंग ओव्हरटाइम आला. मंग तुही फी, मंग तुहं लग्न. म्या म्हनलं, रिटायर होऊ दे, पयलं काम तुहंच. जूनमध्ये रिटायर झालो. ऑक्टोबरात ती गेली." ते थांबले. "चार महिने होते ना माह्याजवळ, हेमंत. पुरे चार महिने. म्या म्हनलं, आता काय घाई हाय? जरा आराम करू. कोनत्या तोंडानं आत येऊ इथं? हे दारं दिसत होते मले."

हेमंतनी बॅग खाली ठेवली. बूट काढले. मग ते त्या चांदीच्या दारासमोर खाली बसले आणि स्क्रूंवरून बोट फिरवायला लागले. लहानपणी वर्कशॉपच्या फाटकाशी डबा घेऊन गेलं, की बाबा आपल्याला नव्या गाडीत चढवून असेच स्क्रू दाखवायचे, हे त्यांनी मला कितीतरी नंतर सांगितलं.

"खाचा सगळ्या उभ्या आहेत," हेमंत म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले.

"चहा घेणार?"

"इथंच दे," बाबा म्हणाले.

सोमवारी बरोबर अकराला बारापात्रे मॅडम आल्या. मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. त्यांनी ओटा पाहिला, नळ पाहिला, वरची कपाटं उघडून डबे हुंगले. मग दार बोटानं ढकललं आणि ते मिटताना पाहत राहिल्या. ओट्याच्या लांबीकडे दोनदा नजर टाकली. आणि माझ्याकडे वळल्या.

"येळणेताई, स्पष्ट सांगते. स्वच्छता उत्तम आहे. पण साठ माणसांचं जेवण या ओट्यावर निघणार नाही. तुमचे हाल होतील आणि माझे लोक उपाशी राहतील. मी हे काम तुम्हाला देऊ शकत नाही."

झालं. चार दिवस, चौदा दारं, दोनशे सोळा भोकं. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या निघाल्या. दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. साडी सावरून सरळ खालीच बसल्या, त्या चांदीच्या दारासमोर. जाळीवरून हात फिरवला, उघडलं, आतल्या कांद्यांकडे पाहिलं, मिटलं.

"हे कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. कपाटं जुनीच आहेत. फक्त दारं नवी बसवलीत."

"फक्त दारं? म्हणजे तोडफोड काहीच नाही? माझ्याकडे सगळे म्हणतात, पूर्ण उखडावं लागेल. महिनाभर हॉटेलातून जेवण आणा म्हणतात. घरात नव्वद वर्षांची आई आहे हो माझी!" त्या उभ्या राहिल्या. "कोणी केलं हे? मला नंबर द्या त्याचा."

गॅलरीतून बाबांचा आवाज आला, वर्कशॉपात यंत्रांच्या गोंगाटावरून जात असेल तसा खणखणीत.

"नंबर कायले? मिस्त्री तुमच्यासमोर उभी हाय!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. केसांत अजून भुसा होता, बोटांवर पत्र्याचे ओरखडे होते.

"तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "मी केलं. आम्ही दोघांनी."

डबे मी पुढे वर्षभरात बंद केले. आता आमचं छोटं वर्कशॉप आहे, सहा बायका माझ्याकडे काम करतात. कोणाचं स्वयंपाकघर पाहायला गेलो, की आम्ही आधी मूठ वळून ठोकून बघतो. बाबा त्यानंतर आठ वर्षं होते. शेवटच्या आजारपणातले दोन महिने सोडले, तर एकही स्वयंपाकघर त्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही हातात घेतलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या सोमवारनंतरचा बुधवार. मॅडमच्या घरी मापं घ्यायला जायचं होतं. मी स्कूटी काढली. बाबा जिन्यातून उतरले, इस्त्रीचा शर्ट, बगलेत मोजपट्टी आणि वही. आयुष्यात कधी सुनेच्या मागे बसले नव्हते. जरा इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाहीसं पाहून पाय टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी किल्ली फिरवली.

मानेवाड्याच्या चौकापर्यंत ते मोजपट्टी सांभाळत बसले. तिथून जे बोलायला लागले, ते थांबेचनात. मॅडमचं स्वयंपाकघर केवढं असेल, दारं किती असतील, जुनी बिजागरी कोणती, त्यांच्या आईला वाकता येत नसेल तर खालच्या दारांऐवजी खण करायचे का, रंग लाल घ्यायचा का. वाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी मी हो हो म्हणत होते. सिग्नल लागला, गाडी थांबली, तरी त्यांचं चालूच. शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे पाहून हसायला लागला.

हिरवा दिवा लागला.

"सरळ नोको," बाबा माझ्या कानाशी ओरडले, "डावीकडे घे, डावीकडे!"

"का? मॅडमचं घर सरळ आहे!"

"आधी मशीन घेऊ इकत! भाड्याचं किती दिवस वापरशीन?"

मी हँडल डावीकडे वळवलं.